वान रोड : एका थांब्याचे तीन शेवट

पातूरला रेल्वे नाही आणि ती कधी नव्हतीही. ज्या गावात मी वाढलो आणि आज ज्याच्या आसपासच अध्यापन करतो, त्या गावाबद्दलचे हे विधान इतके साधे आहे की त्यात काही इतिहास दडला असेल असे सहसा कोणाला वाटत नाही. अकोल्याहून वाशिमकडे निघालेला रस्ता तीसेक किलोमीटरवर पातूरला येतो आणि तेथून घाट चढू लागतो. अकोला-वाशिम हेच अंतर रुळांवरून कापायचे ठरवले तर मात्र गाडी पातूरला टाळून पूर्वेकडे बार्शीटाकळी, लोहोगड, जऊळका असा वळसा घेते. लहानपणी आमच्याकडे कोणी "गाडीने जायचे" म्हणाले की त्याचा अर्थ एस. टी. असाच होई. आगगाडी म्हणजे अकोला, आणि अकोला म्हणजे दिवसाची खोटी.

रेल्वे नसलेल्या गावातल्या माणसाने बंद पडलेल्या स्टेशनाचा इतिहास लिहावा, हे थोडे विचित्र वाटेल. परंतु ज्याच्या वाट्याला एखादी गोष्ट आलीच नाही, त्याला ती दुसऱ्याच्या वाट्याला कशी आली आणि कशी गेली याचे कुतूहल अधिक असते. माझे हे कुतूहल अकोला जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला, सातपुड्याच्या पायथ्याशी असलेल्या एका थांब्याशी जडले आहे. त्याचे नाव वान रोड.

नावापासूनच सुरुवात करू. वान हे गाव नव्हे, नदी आहे. मेळघाटातून उतरून ती पूर्णेला मिळते. सातपुडा सोडून मैदानात येते तेथे वारीजवळ तिच्यावर हनुमान सागर हे धरण बांधले आहे. 'रोड' ही तर रेल्वेच्या परिभाषेतली एक प्रामाणिक कबुलीच. गाव स्टेशनापासून लांब असेल, तेथे पोचायला अजून रस्ता तुडवावा लागणार असेल, तर स्टेशनाच्या नावापुढे 'रोड' लावण्याची रेल्वेची जुनी रीत आहे. याच मार्गावर अकोल्याहून निघाल्यावर 'गांधीस्मारक रोड' लागते आणि खांडव्याच्या पलीकडे 'ओंकारेश्वर रोड'. निदान त्या दोन ठिकाणी रस्त्याच्या शेवटी स्मारक आहे, ज्योतिर्लिंग आहे. वान रोडचा रस्ता ज्या वस्त्यांकडे जात होता, त्यांची नावे पाटीवर यावीत एवढी त्यांची मातब्बरी नव्हती. म्हणून नदीचे नाव उसने घेतले गेले.

हा थांबा तेथे आला कसा, हे समजून घ्यायचे तर वऱ्हाडातल्या लोखंडी रस्त्यांची दिशा लक्षात घ्यावी लागते. १८६७ साली ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेचा रूळ भुसावळहून निघून अकोला, बडनेरा असे टप्पे घेत नागपूरला पोचला. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे (१८६१-६५) लँकेशायरच्या गिरण्यांचा कापूस तुटला होता आणि वऱ्हाडच्या काळ्या मातीकडे साऱ्या व्यापाराचे डोळे लागले होते. रूळ टाकले गेले ते कापसाच्या गाठी मुंबई बंदरात पोचाव्यात म्हणून. त्यामुळे त्यांची दिशा ठरलेलीच होती : पूर्व-पश्चिम, पूर्णेच्या खोऱ्यातून, सपाटीवरून. खामगावला १८७० साली फाटा गेला तोही कापसासाठीच. विसाव्या शतकाच्या आरंभी मूर्तिजापूरहून एकीकडे यवतमाळ आणि दुसरीकडे अचलपूर अशी अडीच फुटी रुळांची 'शकुंतला' धावू लागली, तिच्यामागचे कारणही निराळे नव्हते.

पण वऱ्हाडची जुनी वहिवाट केवळ पूर्व-पश्चिम नव्हती. उत्तरेला सातपुड्यावर नरनाळा, दक्षिणेला बालाघाटाचे डोंगर, आणि त्यांच्यामध्ये पूर्णेची सपाटी ओलांडणारे घाटमार्ग. पातूर हे अशाच एका दक्षिणेकडच्या घाटाच्या तोंडाशी वसलेले गाव. गावाजवळच्या डोंगरातली लेणी, शेख बाबूंचा दर्गा आणि जुन्या दप्तरांमध्ये 'पातूर शेख बाबू' असे येणारे गावाचे नाव, ही सारी त्या वाटेवरच्या वर्दळीची साक्ष आहे. लेणी आणि दर्गे माणसांच्या वाटेवर उभे राहतात. आडरानात त्यांना कोण विचारणार? रूळ पूर्व-पश्चिम पडले आणि उत्तर-दक्षिण वाटेवरची गावे हळूहळू आडवळणाची ठरली. गावे जागची हलली नाहीत. 'वळण' कुठे आहे हे ठरवणारी रेघ तेवढी बदलली.

ही उत्तर-दक्षिण वाट रुळांवर यायला स्वातंत्र्य मिळावे लागले. दक्षिणेकडे निजामाच्या राज्यातील मीटरगेज पूर्णा जंक्शनाहून हिंगोलीपर्यंत १९१२ साली आले होते आणि तेथेच थांबले होते. उत्तरेकडे होळकरांच्या इंदूरला जोडणारे मीटरगेज १८७० च्या दशकात खांडव्यापर्यंत उतरले होते, तेही तेथेच थांबले होते. मध्ये वऱ्हाडचा पट्टा आणि सातपुडा. राजस्थान-माळव्याकडचे आणि हैदराबादकडचे, अशी एकाच रुंदीच्या रुळांची दोन विस्तीर्ण जाळी, आणि त्यांच्यामध्ये खांडवा ते हिंगोली एवढेच भगदाड. पहिल्या दोन पंचवार्षिक योजनांच्या काळात ते बुजवण्याचे काम झाले आणि १९६० च्या आसपास वाशिम-अकोला-अकोट-खांडवा हा सांधा पुरा झाला. अकोला-खांडवा मार्ग 'इंग्रजांच्या काळातला' असे आपल्याकडे सर्रास म्हटले जाते. वस्तुतः तो स्वतंत्र भारताच्या नियोजनाचे अपत्य आहे. कापूस बाहेर नेण्यापेक्षा देशाचे दोन भाग एकमेकांना जोडणे हा त्याचा हेतू होता. आणि या दुसऱ्या खेपेसही पातूर वगळले गेले, हेही येथे नोंदवून ठेवतो. असो.

अकोटहून पुढे अडगाव बुद्रुक, हिवरखेड अशी मैदानी स्टेशने संपली की रूळ सातपुड्यात शिरत. तेथे पहिले वान रोड, मग धूळघाट. रेल्वेचे इंजिन फार चढ चढू शकत नाही, हा त्याचा स्वभावधर्म. बैलगाडीच्या वाटेने जो चढ घेता येतो, तो रुळांना परवडत नाही. म्हणून धूळघाटाजवळ अभियंत्यांनी एक युक्ती योजली : रुळाला गोल फिरवून त्याच्याच डोक्यावरून पुढे नेले. खालून येणारी गाडी पूर्ण वेढा घालून वर येई आणि ज्या वाटेने आलो तीच वाट पायाखाली ओलांडून पुढे जाई. लोकांनी या वेढ्याला 'चारचा आकडा' असे नाव दिले होते. हे नागरी आकड्यांतच सुचू शकेल असे नामकरण आहे आणि ते कोणा अभियंत्याचे नसावे हे उघड आहे. भारतात असे वेढे थोडे. महाराष्ट्राच्या वाट्याला हा एक आला.

मी त्या गाडीने प्रथम गेलो तो महाविद्यालयात शिकत असताना. अकोल्याच्या स्थानकात मुंबई-नागपूरची 'मोठी लाईन' आणि ही 'छोटी लाईन' शेजारी-शेजारी होत्या; पण ते शेजार वाड्यातले मालक आणि भाडेकरू यांच्यासारखे होते. मोठ्या लाईनचा कारभार मध्य रेल्वेचा, तर छोटीचा दक्षिण मध्य रेल्वेचा. म्हणजे अकोल्यातच उभ्या असलेल्या गाडीचा निर्णय सिकंदराबादेत होई. अकोटपर्यंत डबा कापसाच्या गप्पांनी, दुधाच्या कॅनांनी आणि विद्यार्थ्यांनी भरलेला असे. हिवरखेडनंतर तो निम्मा रिकामा होई आणि डब्यातली भाषाही बदले. वऱ्हाडी मागे पडून निमाडी वळणाची हिंदी आणि कोरकू ऐकू येऊ लागे. कोरकू ही मुंडा कुळातली भाषा. तिचे सगेसोयरे पार झारखंड-ओडिशाकडे, आणि ही एकटी पश्चिमेकडे सातपुड्यात राहिलेली. मराठी भाषाकुलांचे कोष्टक मी तोवर परीक्षेसाठी पाठ केले होते. त्यातला एक वेगळाच रकाना माझ्यासमोरच्या बाकावर मोहाच्या फुलांचे गाठोडे मांडीवर घेऊन बसला होता.

वान रोडला गाडी थांबली तेव्हा उतरणारी माणसे दोन्ही हातांच्या बोटांवर मोजण्याइतकी होती. बाजारातून परतणाऱ्या बाया, मीठ-तेलाच्या पिशव्या, खांद्यावर झोपलेले पोर. साग आणि बांबूच्या दाटीत एक छोटी इमारत, पिवळी पाटी, आणि नदीचा आवाज. गाडी सुटल्यावर ती माणसे रूळ ओलांडून झाडीत शिरली आणि क्षणात दिसेनाशी झाली. स्टेशनाचे प्रयोजन काय, असे मला कोणी त्या दिवशी विचारले असते, तर त्या झाडीत शिरलेल्या पाठी एवढेच उत्तर मी दिले असते.

त्याच रुळांवरून लांब पल्ल्याच्या गाड्याही धावत. मीनाक्षी एक्सप्रेस हे त्यातले मोठे नाव. हैदराबादच्या काचीगुड्याहून निघून अकोला, खांडवा, रतलाम, अजमेर करत ती जयपूरला जाई. अजमेरच्या उरुसाला निघालेले अकोल्याचे मुसलमान, ओंकारेश्वराला निघालेल्या वऱ्हाडी म्हाताऱ्या, नांदेडच्या गुरुद्वाराकडे येणारे उत्तरेकडचे शीख, अशी तीन धर्मांची यात्रा एका मीटर रुंदीच्या रुळांवरून चाले. इतक्या भिन्न श्रद्धांना एका डब्यात बसवणारी दुसरी संस्था आपल्याकडे सहजी सापडणार नाही.

आता शेवटाकडे येऊ. स्टेशन बंद पडले म्हणताना आपण एक तारीख शोधतो. माझ्या मते स्टेशन एका दिवसात बंद पडत नाही. वान रोड तीनदा बंद पडले.

पहिला शेवट तेथे न घडता दूर घडला. १९९२ पासून भारतीय रेल्वेने साऱ्या देशातले रूळ एकाच रुंदीचे करण्याचा कार्यक्रम हाती घेतला. तो आवश्यकच होता. दर जंक्शनावर माल एका गाडीतून उपसून दुसरीत भरण्यात शहाणपण नव्हते. पण मीटरगेजचे सामर्थ्यच त्याच्या सलगपणात होते. उत्तरेकडचा एकेक तुकडा रुंद होत गेला, तसतशा लांब पल्ल्याच्या गाड्या आखूड होत गेल्या. २००८ च्या सुमारास दक्षिणेकडचा पूर्णा-अकोला भागही रुंद झाला आणि अकोला-खांडवा हा तुकडा दक्षिणेच्या जाळ्यातून तुटला. त्या दिवशीही वान रोडवर गाडी थांबलीच असेल, तिकिटेही फाटली असतील. पण आता ती गाडी देशाचे दोन भाग जोडणारी उरली नव्हती. अकोल्याहून निघून माळव्यात संपणारी एक पॅसेंजर तेवढी राहिली होती. ज्या हेतूने स्टेशन जन्माला आले, तो हेतू संपला होता.

दुसरा शेवट सर्वांना ठाऊक असलेला. रुंदीकरणासाठी १ जानेवारी २०१७ पासून अकोला-खांडवा वाहतूक थांबवण्यात आली. तेव्हा लोकांनी हा शेवट मानला नाही. काही वर्षांत मोठी लाईन येईल, थेट इंदूरला जाता येईल, अशीच भावना होती. अकोला-अकोट हा मैदानी भाग २०२० पर्यंत रुंद होऊन तयारही झाला. तरी गाडी सुरू होईना. ती सुरू झाली नोव्हेंबर २०२२ मध्ये, आणि त्यालाही एक निमित्त लागले : आदल्याच महिन्यात गांधीग्राम येथील पूर्णेवरच्या इंग्रजी अमदानीतील पुलाला तडे गेले आणि अकोला-अकोट रस्ता बंद झाला. दोन वर्षे तयार असलेल्या रुळांवर गाडी धावायला रस्त्यावरचा पूल खचावा लागला. रेल्वेची गरज रेल्वेच्या गुणांवरून न ठरता रस्त्याच्या अपयशावरून ठरते, हे आपल्या काळाचे एक लक्षण म्हणून नोंदवण्यासारखे आहे.

तिसरा शेवट हा खरा, आणि त्याबद्दल लिहिताना माझी लेखणी अडखळते. अकोटच्या पुढचा रूळ मेळघाट व्याघ्र प्रकल्पातून जात होता. सुमारे अडतीस किलोमीटर, आणि त्यातला मोठा भाग वान अभयारण्याच्या गाभ्यातून. १९७३ साली व्याघ्र प्रकल्प सुरू झाला तेव्हाच्या पहिल्या नऊ क्षेत्रांत मेळघाट होते. छोट्या लाईनवरून दिवसाकाठी मोजक्या, मंद गाड्या जात. मोठी लाईन म्हणजे वेगवान गाड्या, मालगाड्या, रात्रीची अखंड वर्दळ. जंगलाच्या मधोमध अशी भिंत उभी राहिली तर वाघाच्या हालचालींचे दोन तुकडे होतील, असा वन्यजीव अभ्यासकांचा आक्षेप होता. तो न्यायालयापर्यंत गेला. २०२० साली महाराष्ट्राच्या मुख्यमंत्र्यांनीही रेल्वेमंत्र्यांना पत्र लिहून मार्ग जंगलाबाहेरून नेण्याची विनंती केली. हिवरखेडहून पश्चिमेकडे सोनाळा, जामोद अशा बुलढाणा जिल्ह्यातल्या गावांवरून तुकईथडकडे जाणारा, सुमारे एकोणतीस किलोमीटरने लांबचा पर्याय पुढे आला आणि अखेर जंगल वगळण्याच्या बाजूने कौल पडला. म्हणजे मोठी लाईन येईल तेव्हाही ती वान रोडला येणार नाही. धूळघाटाचा वेढाही कायमचा सुटला.

हा निर्णय मला योग्य वाटतो, हे आधीच सांगून टाकतो. सोनाळा-जामोदच्या माणसांना प्रथमच आगगाडी मिळेल आणि वाघांना रात्र मिळेल. ज्याच्या गावाला दोनदा वगळले गेले, त्याला दुसऱ्या कोणाच्या गावाला गाडी मिळाल्याचा आनंदच होणार. तरीही या वादात वापरला गेलेला एक युक्तिवाद मनातून जात नाही. जुन्या मार्गाचे समर्थक म्हणत : रेल्वे आधीची, व्याघ्र प्रकल्प नंतरचा आणि वान अभयारण्य तर १९९७ चे, मग माघार कोणी घ्यायची? विरोधक म्हणत : वाघ रेल्वेच्याही आधीचा. दोन्ही बाजू 'आधी कोण' या एकाच मापाने मोजत होत्या. त्या मापाने मोजायचेच तर वान रोडला उतरून झाडीत शिरणाऱ्या त्या माणसांचे काय? त्यांचे पूर्वज रुळांच्या आधीचे, अभयारण्याच्या आधीचे, आणि वाघासोबतचे.

त्यांचे काय झाले, हे या जिल्ह्यात सर्वांना माहीत आहे. व्याघ्र प्रकल्पाच्या गाभ्यातील केलपानी, गुल्लरघाट, धारगड यांसारखी गावे उठवून अकोट-तेल्हाऱ्याच्या मैदानात त्यांचे पुनर्वसन करण्यात आले. मोबदला, जमीन, सुविधा यांबाबतच्या तक्रारी साचत गेल्या. त्यांपैकी काही लोक जंगलात परत गेले, आणि जानेवारी २०१९ मध्ये तेथे ग्रामस्थ व वन-पोलीस कर्मचारी यांच्यात संघर्ष होऊन दोन्हीकडची माणसे जखमी झाली. न्यायनिवाडा करण्याची ही जागा नव्हे. मला दिसते ते एवढेच की आधी प्रवासी गेले आणि मग स्टेशन गेले. रुळांसाठी पर्यायी मार्ग शोधला गेला, त्यासाठी नकाशे झाले, अहवाल झाले, पत्रे झाली, एकोणतीस किलोमीटरांचा जादा खर्च मान्य झाला. माणसांसाठी मात्र पर्याय शोधताना इतकी वळणे घेण्याची तयारी कोणी दाखवली नाही. चढ सोसत नाही म्हणून इंजिनासाठी डोंगरात वेढा घालणारा देश, माणसांना मात्र सरळ उतरवून मोकळा होतो.

स्टेशनांच्या इतिहासाबद्दल आपल्याकडे जे लेखन होते ते बहुधा स्मरणरंजनाचे असते : कोळशाचा वास, पितळी घंटा, हिरवा कंदील. मलाही तो मोह आहे आणि वर तो दिसलाही असेल. पण वान रोडने मला शिकवले ते वेगळे. स्टेशन म्हणजे एक कबुली असते. या जागी माणसे राहतात आणि त्यांना कुठेतरी जायचे असते, ही शासनाने पिवळ्या पाटीवर दिलेली कबुली. कापसाच्या काळात ही कबुली कापूस पिकवणाऱ्या सपाटीला मिळाली. नियोजनाच्या काळात, सातपुडा ओलांडण्याच्या निमित्ताने का होईना, ती कोरकूंच्या रानालाही मिळाली. सुमारे साडेपाच दशके ती टिकली. पाटीवर त्यांच्या गावाचे नाव नव्हते, नदीचेच होते. तरीही गाडी थांबत होती.

आता जंगल ती जागा परत घेईल आणि घ्यावीही. सागाच्या मुळांना फलाट फोडायला फार वर्षे लागत नाहीत. अकोटपर्यंत जाणाऱ्या नव्या गाडीने मी एकदा जाऊन आलो. उगवे, गांधीस्मारक रोड, पाटसूल. फलाट उंच झाले आहेत, गाडीचा वेग वाढला आहे. अकोटला उतरलेल्या गर्दीत काही कोरकू बाया होत्या. बाजाराची गाठोडी डोक्यावर घेऊन त्या स्टेशनाबाहेर पडल्या आणि तेल्हाऱ्याकडे जाणाऱ्या जीपगाड्यांच्या रांगेत, इतर सगळ्यांसारख्याच, जागेसाठी उभ्या राहिल्या. उत्तरेला सातपुड्याची निळी रेघ दिसत होती. त्यांच्यापैकी कोणी तिकडे पाहिले की नाही, हे मला गर्दीत दिसले नाही.

संध्याकाळच्या गाडीने मी अकोल्याला परतलो, आणि तेथून नेहमीप्रमाणे एस. टी. धरून पातूरला आलो.